‘पैसे संपले म्हणून’ म्हणून इव्हँगेलियनचा शेवट उरकता येत नाही

‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ ही जपानी ॲनिमेशन मालिका पाहून संपवली की कोणी ना कोणी एक तयार खुलासा हातात ठेवतंच. गायनॅक्स स्टुडिओचे पैसे संपले, म्हणून शेवटचे दोन भाग स्थिर चित्रांवर कसेबसे उरकले. चाहते भडकले, दिग्दर्शक हिदेआकी आन्नोला धमक्या आल्या, मग त्याने १९९७ मध्ये ‘द एंड ऑफ इव्हँगेलियन’ हा चित्रपट काढून चाहत्यांवर सूड उगवला. तोच खरा शेवट, त्यात सगळे मरतात आणि टीव्हीवरचा शेवट बाद. वर शेरा असा की नायक शिंजी, म्हणजे ‘इव्हा’ नावाचं महाकाय यंत्र चालवणारा मुलगा, पहिल्यापासून रडका, त्याने काही केलंच नाही. ऐकायला सगळं नीट जुळतं आणि तीस सेकंदांच्या रीलमध्ये मावतं, म्हणून तर इतकं फिरतं.

आधी पैशांचं. मालिका टीव्ही टोकियोवर ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात दर बुधवारी लागायची, एकूण २६ भाग. खर्च एकट्या गायनॅक्सच्या गल्ल्यातून होत नव्हता. किंग रेकॉर्ड्ससारखे भागीदार मिळून निर्मिती करत होते. ‘पैसे संपले’ म्हणणारा कोणी आकडा देत नाही. संपला होता तो वेळ. सेलवरच्या, म्हणजे पारदर्शक पट्ट्यांवर हाताने रंगवलेल्या, ॲनिमेशनमध्ये आधी पटकथा, मग दृश्याराखडा, मग मांडणी, मुख्य चित्रं, मधली चित्रं, रंगकाम, चित्रीकरण आणि शेवटी आवाज अशी रांग असते. पटकथा अडली की मागची सगळी रांग अडते, आणि प्रक्षेपणाची तारीख काही हलत नाही. आन्नो शेवटाची पटकथा उशिरापर्यंत बदलत राहिला. त्या अवस्थेत जास्तीचे पैसे ओतले तरी मधली चित्रं काढायला माणसांना आठवडे लागायचे ते लागणारच. तेव्हा चणचण होती हे खरं, फक्त ती कॅलेंडरात होती.

स्थिर चित्रांवरून ‘बघा, पैसे नव्हते’ म्हणणाऱ्यांनी साधा हिशेब करावा. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र तीन फ्रेम धरलं तर सेकंदाला आठ चित्रं. चोविसाव्या भागात युनिट ०१, म्हणजे शिंजी चालवतो ते इव्हा, शत्रू ठरलेल्या त्याच्या मित्राला, काओरूला, मुठीत धरून उभं आहे, मागे बेटोव्हेनची नववी सिंफनी चालू आहे आणि चित्र सुमारे मिनिटभर हलत नाही. कागदावर ४८० चित्रं वाचली. पण त्या दृश्यात हलण्यासारखं होतंच काय? शिंजीला मूठ आवळायची आहे आणि ती आवळवत नाही. चित्र हललं असतं तर तो निर्णय पाच सेकंदांत उरकला असता. बाविसाव्या भागात असुका आणि रेई या इव्हा चालवणाऱ्या दोन मुली लिफ्टमध्ये न बोलता उभ्या राहतात तिथेही तसंच: फक्त लिफ्टचा आवाज, आणि पाहणारा खुर्चीत चुळबुळतो. काटकसर झाली हे नाकारायचं कारण नाही, पण ती कुठे करायची हे कोणीतरी डोकं लावून ठरवलं होतं.

आणि ही शैली शेवटी अचानक आलेली नाही. सोळाव्या भागात शिंजी लेलिएल या एंजलच्या, म्हणजे माणसांवर चालून येणाऱ्या एका अजस्र जीवाच्या, पोटात अडकतो आणि संध्याकाळच्या आगगाडीच्या डब्यात स्वतःशीच वाद घालतो. विसाव्या भागात तो युनिट ०१ मध्ये विरघळून जातो तेव्हा पडद्यावर अक्षरं, प्रश्न आणि तुटक चित्रंच दिसतात. म्हणजे पंचविसाव्या भागाची भाषा आधीच शिकवून झालेली होती. आपण ती लढायांच्या गडबडीत कानाआड केली, एवढंच.

सव्विसाव्या भागातली एक जागा मुद्दाम थांबून पाहावी. शिंजी रेघांनी काढलेला आणि भोवती नुसता पांढरा कागद. सांगितलं जातं की हे संपूर्ण स्वातंत्र्य. पण तो नुसता तरंगतोय, काय करावं ते त्याला कळत नाही. मग खाली एक आडवी रेघ येते. जमीन झाली, वर-खाली ठरलं. एक स्वातंत्र्य गेलं, पण आता त्याला चालता येतं. पुढे दुसऱ्या माणसांचाच आधार: ती आहेत म्हणून माझी कड कुठे संपते ते मला कळतं. मालिकेचा सगळा गाभा, एटी फील्ड या माणसा-माणसांतल्या अदृश्य भिंतीसकट, या एका रेघेत आहे. ‘कच्ची चित्रं दाखवली’ म्हणून हसणाऱ्यांना हे दिसतच नाही की इथे कच्चेपणाच विषय आहे. त्यानंतर लगेच पूर्ण रंगीत शाळेचा प्रसंग येतो: असुका बालमैत्रीण, रेई तोंडात टोस्ट धरून धावत येते. हा प्रसंग नव्याने काढलेला आहे. तिजोरी खरोखर रिकामी असती तर आधी हाच गेला असता.

आता ‘सूड’ आणि ‘दोन वेगळे शेवट’. हे दोन्ही दावे एकाच पुराव्यावर आपटतात. पंचविसाव्या भागात क्षणभर दोन चित्रं येतात: रक्ताच्या थारोळ्यात पडलेली मिसातो आणि एलसीएल या द्रवात तरंगणारी रित्सुको, दोघीही इव्हा चालवणाऱ्या ‘नर्व्ह’ या संस्थेतल्या. त्या भागात या दोघी का मेल्या याचा खुलासाच नाही. तो मिळतो जुलै १९९७ च्या चित्रपटात, जिथे नर्व्हवर लष्कराचा हल्ला होतो, मिसातोला गोळी लागते आणि रित्सुकोला नर्व्हचा प्रमुख आणि शिंजीचा बाप गेंडो मारतो. म्हणजे २० मार्च १९९६ ला, शेवटचा भाग लागायच्याही आधी, या घटना ठरलेल्या होत्या. चाहते अजून रागावलेलेच नव्हते, तर सूड कोणावर? चित्रपटाचा पहिला अर्धा भाग, ‘एअर’, मुळात टीव्हीच्या पंचविसाव्या भागासाठी लिहिलेल्या पटकथेवर उभा आहे. वेळेत तो काढणं शक्य नव्हतं म्हणून मागे पडला.

सव्विसावा भाग तर सुरुवातीलाच अक्षरांत सांगून टाकतो: माणसांच्या मनांचं एकत्रीकरण चालू आहे, सगळ्यांचं नोंदवायला वेळ नाही, म्हणून शिंजी इकारी नावाच्या एका मुलापुरतं बोलू. याहून स्पष्ट काय लिहायचं? टीव्हीवर आपण त्या प्रक्रियेच्या आत बसलो आहोत, चित्रपटात बाहेरून पाहतो. चौकटीला चौकट जुळते असं मी म्हणणार नाही. टीव्हीचा सूर टाळ्यांचा आणि अभिनंदनाचा आहे, चित्रपटाचा लाल समुद्राचा. पण मुलगा दोन्हीकडे एकाच ठिकाणी पोचतो: इतर माणसं दुखावतील, तरी ती असलेली बरी.

धमक्यांचं म्हणाल तर चित्रपटात प्रत्यक्ष चित्रित केलेल्या तुकड्यात पत्रं आणि संदेश झरकन सरकतात, त्यांत धमकी आहे. पण त्या ढिगात कौतुकाची पत्रंही आहेत. चित्र थांबवून पाहायची तसदी मात्र फारसं कोणी घेत नाही.

‘सगळे मरतात’ हेही अर्धवट. सगळे एलसीएलमध्ये विरघळतात. चित्रपटात शिंजीची आई युई सांगते की जगायची इच्छा आणि स्वतःचं रूप मनात धरण्याची ताकद असेल तर कोणीही माणूस म्हणून परत येऊ शकतो. शिंजी एकत्रीकरण नाकारतो आणि किनाऱ्यावर येतो, शेजारी असुका आहे. म्हणजे नियम चालतो याचं उदाहरण पडद्यावरच आहे. बाकीचे येतील की नाही हे उघडं ठेवलंय, आणि उघडं ठेवणं म्हणजे मारणं नव्हे.

राहिला शिंजीचा रडकेपणा. सहाव्या भागात रामिएल या एंजलवर नेम धरायला फुतागो डोंगरावर सगळ्या जपानची वीज आणलेली असते, १८ कोटी किलोवॉट. यशाची शक्यता ८.७ टक्के. दोघांच्या किरणांनी एकमेकांना वळवलं आणि पहिला नेम चुकला. दुसऱ्या नेमासाठी थंड करणं, फ्यूज बदलणं, पुन्हा भारणं यात २० सेकंद जाणार, आणि रेईच्या हातातली ढाल टिकणार १७. हिशेबात तीन सेकंदांची तूट आहे आणि ती रेईच्या अंगावर जाते. शिंजी नेम मारतो, मग तापलेलं झाकण हातांनी उघडून तिला बाहेर काढतो. दहाव्या भागात तो योग्य आवरणाशिवाय लाव्हात उडी टाकून असुकाला धरतो. अठराव्या भागात एंजलने ताब्यात घेतलेल्या युनिट ०३ मध्ये माणूस आहे म्हणून लढायलाच नकार देतो. हुकूम मोडणं हाही एक निर्णय असतो, आणि गेंडोने डमी प्लग, म्हणजे चालकाऐवजी इव्हा चालवणारी यंत्रणा, चालू केल्यावर काय झालं ते आपण पाहिलंय. पुढच्याच भागात नर्व्ह सोडून निघालेला हा मुलगा स्वतःच्या पायांनी परत येतो.

हां, ‘एअर’मध्ये तो खरंच काही करत नाही. वर असुका वायर तुटलेल्या युनिट ०२ मध्ये साडेतीन मिनिटांच्या बॅटरीवर नऊ इव्हांशी लढतेय, एकाला जेमतेम वीस सेकंद, आणि हा खाली बसून राहतो. इथे राग यावा, हीच कथेची अपेक्षा आहे. पण काओरूला मारून आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाचा हा शेवटचा टप्पा आहे. त्यावरून आधीचे चोवीस भाग पुसायचे म्हणजे मालिका उलटीकडून पाहण्यासारखं झालं.

नव्याने पाहणाऱ्याला अनेकदा ‘२४ नंतर थेट चित्रपट लाव’ असा सल्ला मिळतो. त्यात गोची अशी की चित्रपटात शिंजीच्या मनात जे घडतं ते फार घाईत येतं. २५ आणि २६ गाळले तर समुद्रकिनाऱ्यावरचा त्याचा निर्णय आकाशातून पडल्यासारखा वाटतो. क्रमाने २६ भाग पाहा, एक-दोन दिवस जाऊ द्या, मग चित्रपट. आणि पंचविसावा लावाल तेव्हा मिसातोचं ते चित्र आलं की पॉज करा, पुढचं भांडण निम्मं तिथेच मिटतं.