स्टोरेजचा स्विच वेगावर निवडायचा नसतो

नव्या डेटा सेंटरची आखणी सुरू झाली की एक मजकूर हमखास पुढे येतो. त्याचं सार असं: फायबर चॅनल (एफसी, सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारं खास नेटवर्क) संपलं, १०० जी (सेकंदाला १०० गिगाबिट) इथरनेट ३२ जी एफसीच्या तिप्पट वेगवान आहे, एनव्हीएमई/टीसीपी (साध्या नेटवर्कवरून फ्लॅश स्टोरेज वापरायची पद्धत) कुठल्याही स्विचवर चालतं, पॅकेट गळायला नको असतील तर पीएफसी (गर्दी झाली की पाठवणाऱ्याला थांबवणारी इथरनेटची सोय) चालू करा, आणि लॅन व स्टोरेज एकाच स्विचवर आणलं की खर्च निम्म्यावर येतो. म्हणून वेगळे सॅन (म्हणजे फक्त स्टोरेजच्या नेटवर्कचे) स्विच घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

मी एफसी आणि आयस्कझी (इथरनेटवरून स्टोरेज देणारी जुनी पद्धत) दोन्ही सांभाळले आहेत, त्यामुळे इथरनेटशी माझं काही वाकडं नाही. माझा आक्षेप वेगाचा आकडा बघून स्विच ठरवण्याला आहे. स्टोरेजच्या स्विचला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: समोरचा घ्यायला कमी पडू लागला, की तू काय करतोस? आणि ते मला कुठे दिसतं?

"१०० जी तिप्पट वेगवान"

आकडा फुगवलेला नाही, उलट कमीच आहे. ३२ जी एफसीचा एक पोर्ट एका दिशेने सेकंदाला सुमारे ३,२०० एमबी नेतो, १०० जी इथरनेट कच्च्या हिशोबाने १२,५००, म्हणजे जवळपास चौपट. पण गरज मोजून बघा. एखादा डेटाबेस सर्व्हर सेकंदाला १ लाख रीड करतो, प्रत्येक ८ केबीचा, असं धरलं तर होतात साधारण ८२० एमबी. म्हणजे ३२ जीच्या एका पोर्टचा जेमतेम चौथा हिस्सा, आणि सर्व्हरला पोर्ट किमान दोन असतात. १ लाख आयओपीएस (सेकंदाला इतके रीड-राइट) दिवसभर खरोखर ओढणारे सर्व्हर मला फार थोडे भेटले.

लेटन्सीचंही, म्हणजे उत्तर यायला लागणाऱ्या वेळाचंही, तसंच. ८ केबी तारेवर चढवायला ३२ जीला अडीच मायक्रोसेकंद लागतात, १०० जीला पाऊण मायक्रोसेकंदाच्या आत. फ्लॅश अ‍ॅरेकडून (फ्लॅश डिस्कच्या सामायिक स्टोरेजकडून) उत्तर यायला शंभरेक मायक्रोसेकंद लागत असतील, तर त्यातले दोन वाचले. हे वापरणाऱ्याला कधीही जाणवणार नाही. बॅकअप आणि मोठमोठे टेबल स्कॅन असतील तिथे जाडी हवी, ते मान्य. पण मग ६४ जी एफसी २०२० पासून मिळतं आहे. तुलना करायची तर त्याच्याशी करा.

"फायबर चॅनल संपलं"

हे मी दुसऱ्यांदा ऐकतो आहे. २००९ मध्ये एफसीओईचं (इथरनेटवरून एफसी नेण्याचं) प्रमाण मंजूर झालं, तेव्हाही सगळं इथरनेटवर जाणार असं ठामपणे सांगितलं जात होतं. एफसीओई ब्लेड चासीच्या आत काही ठिकाणी टिकलं, बाहेर फारसं पसरलं नाही. एफसीवर मात्र एनव्हीएमई आलं, ६४ जी आलं, १२८ जीचं प्रमाणही ठरलं. खरी अडचण दुसरीच आहे: एफसी स्विच बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दोनच उरल्यात, ब्रॉडकॉमकडे गेलेलं ब्रोकेड आणि सिस्कोची एमडीएस मालिका. घासाघीस करायला जागा कमी राहते, पोर्ट लायसन्स मोजून घ्यावी लागतात. मजकुराने हा मुद्दा धरला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"एनव्हीएमई/टीसीपी कुठल्याही स्विचवर चालतं"

चालतं. प्रश्न गर्दीत कसं चालतं हा आहे. एक सर्व्हर अ‍ॅरेच्या आठ पोर्टांकडे एकदम मागणी करतो, आठही उत्तरं एकाच वेळी त्याच्या एका पोर्टवर येऊन धडकतात. स्विचचा बफर (पॅकेट थोपवून धरायची जागा) उथळ असेल तर पॅकेट गळतात. मधलं पॅकेट गळलं तर टीसीपी ते पटकन परत मागवतो. शेवटचं गळलं, तर मागून काहीच येत नसल्यामुळे पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही आणि टायमर संपेपर्यंत तो थांबतो. लिनक्सवर या टायमरची खालची मर्यादा २०० मिलिसेकंद आहे. नव्या कर्नलमध्ये हे थांबणं कमी करायची सोय आहे, पण ती दरवेळी वाचवत नाही. शंभर मायक्रोसेकंदांच्या फ्लॅशपुढे २०० मिलिसेकंद म्हणजे दोन हजार पट. सरासरीच्या आलेखात हे बुडून जातं. अडकलेल्या व्यवहाराला ते कळतं.

दुसरी गोष्ट माझ्याच डोळ्यांदेखत घडलेली. आयस्कझीच्या नेटवर्कमधला एक स्विच रात्री बदलला. सकाळी सगळं हिरवं: पिंग जातंय, लॉगिन होतंय, लन (अ‍ॅरेने दिलेली डिस्क) दिसतंय, मल्टिपाथमध्ये (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चारही पाथ अ‍ॅक्टिव्ह. आणि फाइल सिस्टिम बनवायला घेतली की कमांड तशीच लटकून बसायची. दोन्ही टोकांना एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटांत) ९,००० होता, पण नव्या स्विचच्या एका अपलिंकवर १,५०० राहून गेला होता. लॉगिन, लनची यादी, पाथ तपासणारी कमांड हे सगळं छोट्या पॅकेटांत बसतं, म्हणून ते पार व्हायचं. खरा डेटा मोठ्या फ्रेममध्ये निघाला की स्विच ती मुकाट टाकून द्यायचा. शेवटी तुकडे करायला मनाई करून ८,९७२ बाइटांचं (हेडर धरून ९,०००) पिंग मारलं, तेव्हा सापडलं. एफसीमध्ये फ्रेमचा आकार पोर्ट लॉगिनच्या वेळीच ठरतो, त्यामुळे या जातीची चूक तिथे करायलाच वाव नसतो. इथरनेट घ्यायचंच असेल तर ही तपासणी बदलाच्या यादीत पहिल्या ओळीवर लिहा.

"पीएफसी चालू करा, तेच एफसी झालं"

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हे. एफसीमध्ये पाठवणाऱ्याच्या हातात क्रेडिट (एक फ्रेम पाठवायची परवानगी) असल्याशिवाय फ्रेम निघतच नाही. समोरचा बफर रिकामा झाला की एक क्रेडिट परत येतं, मग पुढची फ्रेम. पीएफसी याच्या उलट चालतं: पाठवणारा पाठवत राहतो, समोरचा भरत आला की "थांब" असा निरोप येतो, आणि तो निरोप पोहोचेपर्यंत वाटेत असलेलं सगळं मावेल इतकी जागा स्विचने राखून ठेवावी लागते. सर्व्हरचं कार्ड, लीफ आणि स्पाइन (खालच्या आणि वरच्या थरातले स्विच), अ‍ॅरे, या प्रत्येक ठिकाणी तोच प्राधान्य-वर्ग तसाच लावलेला लागतो. एक टप्पा चुकला तर तिथे पॅकेट गळतात. आणि एनव्हीएमई/टीसीपीला पीएफसी लागतही नाही. त्याची खरी गरज आरओसीईला (RoCE), म्हणजे इथरनेटवरच्या आरडीएमएला (एका यंत्राच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट डेटा नेण्याला).

पण एफसीवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. क्रेडिटची पद्धत गर्दी नाहीशी करत नाही, ती मागे ढकलते. आमच्याकडे एका जुन्या सर्व्हरला ८ जीचा एचबीए (सर्व्हरमधलं एफसी कार्ड) होता आणि अ‍ॅरेला ३२ जीचे पोर्ट. सर्व्हर मोठे रीड मागायचा, अ‍ॅरे आपल्या वेगाने ओतायचा, आणि ८ जीच्या नळीतून त्याचा चौथा हिस्साच बाहेर पडायचा. उरलेल्या फ्रेम दोन स्विचमधल्या दुव्यावर, आयएसएलवर, तुंबायच्या, आणि त्याच आयएसएलवरून जाणारे, त्या सर्व्हरशी काडीचाही संबंध नसलेले सर्व्हर मंद व्हायचे. तक्रार आली ती त्यांचीच. एरर शून्य, पोर्टचा वापर तीस टक्क्यांच्या आत, म्हणून आम्ही दोन दिवस अ‍ॅरेला दोष देत बसलो. खरं कारण सांगितलं ते एका काउंटरने: पाठवायला फ्रेम तयार आहे पण क्रेडिट शून्य आहे, असा काळ मोजणारा काउंटर आयएसएलवर सारखा चढत होता.

म्हणून स्विच निवडताना मी हा काउंटर आणि त्यावरचा अलार्म आधी बघतो. मंद यंत्र ओळखून त्याची वाहतूक बाजूला काढता येते का, फॅब्रिक (स्विचांचं जोडलेलं जाळं) सर्व्हरला गर्दीची सूचना पाठवतं का, तेही बघतो. इथरनेट स्विचला हेच प्रश्न: पॉज फ्रेम (पीएफसीचे 'थांब' निरोप) पोर्टनिहाय, वर्गनिहाय मोजता येतात का, बिघडलेल्या कार्डाने पॉजचा मारा सुरू केला तर तो आपोआप तोडणारा वॉचडॉग आहे का.

दूरची डीआर साइट (आपत्तीच्या वेळी वापरायची दुसरी जागा) असेल तर क्रेडिटचा हिशोब खरेदीआधीच करावा. फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटर जायला ५ मायक्रोसेकंद लागतात. जाणं-येणं धरून ३२ जीवर पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी दर किलोमीटर साधारण १६ क्रेडिट लागतात, म्हणजे ५० किलोमीटरला ८००. फ्रेम लहान असतील तर आणखी.

"एकाच स्विचवर आणा, खर्च निम्मा"

कागदावर. प्रत्यक्षात स्टोरेजच्या वाहतुकीला लॅनच्या गोंधळापासून वाचवायला शेवटी वेगळे इथरनेट स्विचच घ्यावे लागतात, तेही खोल बफरचे, आणि मग वाचलेले पैसे तिथेच जातात. शिवाय एफसीमध्ये ए आणि बी ही दोन फॅब्रिक्स एकमेकांना तारेनेही जोडलेली नसतात. एका बाजूचं चुकीचं झोनिंग (कुणाला कोण दिसेल याची मांडणी) दुसरीकडे जाऊच शकत नाही. इथरनेटमध्ये सवयीने दोन स्विच पीअर-लिंकने जोडून एक करतात, आणि एकाच चुकीच्या बदलाने दोन्ही पाथ एकदम जाण्याची वाट मोकळी होते. दोन्ही पाथ गेले की थांबायला फार वेळ नसतो: लिनक्सवर एससीएसआय (डिस्कला दिलेल्या) कमांडचा टाइमआउट ३० सेकंदांचा असतो. स्विच रीबूट व्हायला त्याहून बराच जास्त वेळ घेतो. स्टोरेजचे इथरनेट स्विच एकमेकांना जोडूच नका, वाटा मल्टिपाथला सांभाळू द्या.

सेफ किंवा व्हीसॅनसारखं (सर्व्हरांतल्याच डिस्क जोडून बनणारं) स्टोरेज असेल, कंटेनरांचं नवं काम असेल, हाताशी एफसी जाणणारं कुणी नसेल, तर इथरनेटच घ्या. तिथे एफसीचा आग्रह धरणं चूक. पण चालत्या एफसी सॅनवर बँकेचा किंवा रुग्णालयाचा डेटाबेस असेल, तर या मजकुरावर विसंबून तो उपटू नका.

कुठलाही स्विच घ्या, खरेदीची ऑर्डर (पीओ) काढण्याआधी विक्रेत्याकडून दोन दिवस चाचणीसाठी मागून घ्या. पूर्ण लोड द्या, एका सर्व्हरचा पोर्ट मुद्दाम कमी वेगावर बांधा, आणि शेजारच्या सर्व्हरची ९९.९ पर्सेंटाइल लेटन्सी (हजारांतली सर्वांत मंद एक सोडून उरलेल्यांचा कमाल वेळ) बघत बसा. मग लोड चालू असतानाच एका बाजूचा स्विच बंद करा, परत चालू करा आणि वाटा किती सेकंदांत परतल्या ते लिहून ठेवा. तो कागद कोटेशनला जोडा.