सेक्रेटरींची परवानगी आणि वीस मीटर तार

हॅम रेडिओचा, म्हणजे निव्वळ हौसेखातर स्वतःच्या संचावरून हवेतून इतरांशी बोलण्याचा, परवाना केंद्र सरकार देतं, अँटेना लावायची परवानगी सोसायटीचे सेक्रेटरी देतात, आणि या दोघांत सरकार जास्त समजूतदार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारचं काम सरळ. वय 12 पूर्ण हवं. परीक्षेत एक भाग रेडिओच्या तांत्रिक माहितीचा, दुसरा नियमांचा. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्सची, म्हणजे टिंबं-रेघांच्या सांकेतिक लिपीची, सक्ती नाही. जनरल हवा असेल तर मिनिटाला 8 शब्दांच्या वेगाने मोर्स पाठवता आणि ऐकून उतरवून घेता यायला हवं. पास झालात की व्हीयू-3 किंवा व्हीयू-2 ने सुरू होणारी कॉल साइन, म्हणजे हवेतलं तुमचं नाव, मिळते. तोवर संच घ्यायचा नाही, कारण तो बाळगायलाही परवाना लागतो. गाणीबजावणी आणि धंद्याची बोलणी या लहरींवर चालत नाहीत. बडोद्यात राहून धंद्याबद्दल बोलायचं नाही, ही अट मोर्सपेक्षा अवघड आहे, पण ते असो.

खरी परीक्षा गच्चीवर. दांडिया बाजारातलं जुनं घर असो की वाघोडिया रोडवरची सोसायटी, तारेचं भेंडोळं घेऊन वर गेलात की मागून प्रश्न येतोच, "भाऊ, आ शुं छे? टॉवर तो नथी ने?" नाही म्हणायचं आणि हातातली तार दाखवायची. साधी तार बघितली की माणसं निवळतात. तिच्यावर पुढेमागे चादरी वाळत घालता येतील, असा हिशेबही त्यांच्या मनात तिथल्या तिथे होऊन जातो, आणि तोच नंतर नडतो.

नवखा माणूस सगळे पैसे संचावर घालतो आणि अँटेनासाठी उरलंसुरलं ठेवतो. उलट करावं. सुरुवातीला 7 मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन सारख्या बाजूंची तार, उत्तम. 143 ला मेगाहर्ट्झने भागलं की पूर्ण लांबी मीटरमध्ये मिळते: 7.1 साठी साधारण 20.14, म्हणजे प्रत्येक बाजूला 10.07. घरातल्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची वायर चालते. पण कापताना 10.50 कापा. तार आखूड करता येते, वाढवताना जोड द्यावा लागतो. मग एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे तार संचाशी किती जुळते ते दाखवणारा मीटर (1 म्हणजे उत्तम), लावून सर्वांत कमी आकडा किती मेगाहर्ट्झवर येतो ते बघा. समजा 6.8 वर आला, तर 10.50 ला 6.8 ने गुणून 7.1 ने भागा, 10.06 येतात. म्हणजे दोन्ही टोकांना 44 सेंटिमीटर जास्त आहे. ते लगेच तोडू नका, मागे दुमडून तारेलाच घट्ट गुंडाळा. प्लास्टिकच्या आवरणामुळे आणि गच्चीच्या उंचीमुळे हिशेब थोडा हलतो, म्हणून पुन्हा मोजायचंच.

मधला भाग नऊ-दहा मीटर उंच, टोकं दोन्हीकडे खाली उतरती, असा उलटा व्ही गच्चीला सोयीचा. मात्र टोकं डोक्याच्या बरीच वर राहिली पाहिजेत. प्रसारण चालू असताना व्होल्टेज सर्वांत जास्त टोकांनाच असतं आणि हात लागला तर चटका बसतो. शिवाय हात पोचला की चादर पोचते. ओल्या चादरीने तारेचा मेळ खाली सरकतो आणि काल 1.3 दाखवणारा मीटर आज 3 दाखवतो. विजेच्या लाइनपासून खांबाच्या उंचीपेक्षा जास्त अंतर हवं. इथे मात्र थट्टा नाही.

अँटेनाकडून संचाकडे येणाऱ्या केबलच्या टोकाला पीएल-259 हा प्लग जोडणं ही स्वतंत्र तपश्चर्या आहे. 25 वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने त्याचं जाड अंग तापत नाही, कथील नुसतं गोळ्या होऊन घरंगळतं. 60 ते 80 वॉटची घ्या आणि झटपट उरका. रेंगाळलात तर आतलं प्लास्टिक वितळून केबलची मधली तार बाहेरच्या जाळीला टेकते. अँटेनाला जोडण्याआधी मल्टिमीटरने बघा, मध्य आणि अंग यांच्यात बीप येता कामा नये. वरचा जोड चिकटपट्टीने नीट गुंडाळा, नाहीतर पावसाळ्यात पाणी जाळीतून झिरपत खोलीपर्यंत येतं. वादळात केबल संचातून काढून ठेवावी.

एवढं करून कान लावावा तर नुसती खरखर. मग संच बॅटरीवर चालवायचा, घराचा मेन स्विच बंद करायचा आणि संचावरचा, येणाऱ्या लहरींचा जोर दाखवणारा एस-मीटर बघायचा. 9 वरून 3 वर आला तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी चढवत जा: चार्जर, इन्व्हर्टर, एलईडी बल्ब, आणि बऱ्याचदा देवघरातली लुकलुकती माळ. तिच्या वायरीला फेराइटवर, म्हणजे खरखर अडवणाऱ्या चुंबकीय कड्यावर, सात-आठ वेढे दिले तर भक्ती आणि भौतिकशास्त्र एकत्र नांदू शकतात. मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली, तर ती शेजारून येते. शेजाऱ्यांचा समज बरोबर उलटा असतो: लिफ्ट अडली, इंटरनेट मंदावलं, दूध नासलं, सगळं "पेला तारने लीधे", म्हणजे त्या तारेमुळे, जरी संच अजून खोक्यात असला तरी.

सकाळी 7 मेगाहर्ट्झवर, संच लोअर साइडबँड या प्रसारणाच्या प्रकारावर ठेवला की, मुंबई-पुण्याची मंडळी ऐकू येतात. वारंवारता रिकामी आहे ना ते विचारा, कॉल साइन सावकाश सांगा, समोरच्याला त्याचा आवाज कसा येतो याचा खरा रिपोर्ट द्या. कान ताणून ऐकत असताना "फाइव्ह नाइन", म्हणजे अगदी खणखणीत, म्हणायची रीत मला मान्य नाही.

आता उत्तरायण. 14 जानेवारीला बडोद्यात जमिनीवर कोणी नसतं. सगळं गाव गच्चीवर, उंधियू-जिलेबीसकट. 13 ला सकाळीच तार उतरवा. मांजा नायलॉनची दोरी सहज कापतो आणि अडकलेला पतंग ओढणारी मुलं खांबाचा मुलाहिजा ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण उरकलं की 16 ला पुन्हा चढवा. मीटर भलतंच दाखवायला लागला तर सोल्डरिंग उकलू नका, आधी वर बघा: चादर परत आली असेल.