‘मैदानावर घाम गाळलाय का?’ : ‘अस्सल सोलापूरकर’ यांना उत्तर

मागच्या रविवारच्या लेखावर ‘अस्सल सोलापूरकर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. खरं नाव दिलेलं नाही. मी असल्या प्रतिक्रियांना उत्तर देत नाही, पण ही दोन दिवस डोक्यातून जाईना. काल कारखान्यात बिलांचे हिशेब करताना दोनदा बेरीज चुकली, म्हणून लिहूनच टाकते.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या, 2036 च्या ऑलिंपिकसाठीही आपण इच्छा कळवून बसलोय. अशा वेळी जगातल्या ज्या शहरांत साध्या माणसांनी ‘यजमानपद नको’ म्हणून चळवळी केल्या, त्या का केल्या ते बघू, एवढंच मी लिहिलं होतं.

आता प्रतिक्रिया. माझ्या पदरचं काही न घालता देते: ‘मॅडम, डेन्व्हरचं मतदान 1976 ला झालंच नाही, आधी अभ्यास करा. लॉस एंजेलिसला नफा झाला, दिल्लीला मेट्रो मिळाली, म्युनिकचे लोक हो म्हणाले, हे सोयीस्कर विसरलात. ज्यांनी आयुष्यात मैदानावर घाम गाळला नाही तेच अशा स्पर्धांना विरोध करतात. सोलापुरात बसून अहमदाबादची काळजी कशाला? विमानतळाच्या वेळीही असेच रडणारे होते. उगं काय बी लिहूलालाव.’

पहिली गोष्ट, डेन्व्हर. आपलं बरोबर, माझं चूक. ऑलिंपिक 1976 चं होतं, मतदान झालं 7 नोव्हेंबर 1972 ला. कोलोरॅडोच्या मतदारांनी पैसा द्यायला नकार दिला आणि ती हिवाळी स्पर्धा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला गेली. लेखात दुरुस्ती केली आहे. आभारी आहे. मात्र साल चुकलं म्हणून मतदान झालंच नाही असं होत नाही, उलट चार वर्षं आधी झालं म्हणजे लोक जास्तच जागे होते. त्या विरोधात पुढे असलेला डिक लॅम नावाचा तरुण आमदार पुढे त्याच राज्याचा गव्हर्नर झाला. म्हणजे लोकांनी त्याला काही देशद्रोही ठरवलं नाही.

आता ते घामाचं वाक्य.

अहो, आपण मला ओळखत नाही. ओळखत नसताना एका बाईला ‘घाम गाळलाय का’ असं विचारायची ही कुठली रीत? आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात अनोळखी बाईशी माणसं असं बोलत नाहीत, निदान तोंडावर तरी. बोलले असते तर आमच्या आईने तेलुगूत जे ऐकवलं असतं ते इथे लिहिता येणार नाही. (आणि हो, आमच्या घरात तेलुगू बोलतात, शाळा मराठी, शेजार कानडी. तरीही सोलापूरकरच. ‘अस्सल’ कुणी ठरवायचं?)

1984 ते 1992, आठ वर्षं मी खो-खो खेळले. गिरणीच्या भोंग्यावर उठायचं, नळ आला असेल तर आधी पाणी भरायचं, मग मैदान. शाळेमागचं मुरमाचं मैदान होतं. उन्हाळ्यात सातला सुद्धा तळवे भाजायचे. बूट बारावीत आले, तोपर्यंत अनवाणी. मी साखळी, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी, बरी पळायची, पण माझं खरं काम आक्रमणात. खुंटावर मारायला मला पुढे करायचे. एका जिल्हा सामन्यात खुंट धरून झेप घेतली, गडी मिळाला, आणि उजवा गुडघा हातभर मुरमावर घासत गेला. दवाखान्यात खडे काढले. दोन बारके आत राहिले, ते अजून आहेत. कातडीखाली निळसर दिसतात, बोट फिरवलं की लागतात. थंडीत पायऱ्या उतरताना मला आठवण करून देतात. पुरे का घाम, का रक्त पण दाखवू?

राज्य स्पर्धेला एकदा गेलो होतो. गाव सांगत नाही, संयोजक कोण तेही नाही. एका शाळेच्या वर्गात बाकं सरकवून झोपलो, चौदा मुलींना एक न्हाणीघर. परत निघताना प्रवासभत्त्याच्या कागदावर सह्या घेतल्या. कागदावर 45 रुपये, हातात 30. मी विचारलं, तर तो माणूस म्हणाला, ‘बाळ, खेळायला आलीस का हिशेब करायला?’ मी आज हिशेबाचंच काम करते, हे त्याला कळलं तर बरं वाटेल.

त्या पंधरा रुपयांबद्दल घरी सांगितलं तर आई हसली. ती विड्या वळायची. हजार विड्या दिल्या की त्यातल्या मूठभर ‘छाट’ म्हणून बाजूला निघायच्या. पैसे कापायचे आणि विड्याही ठेवून घ्यायचे. छाट म्हणून काढलेली विडी पुढे ओढलीच जायची ना कुठेतरी? कोण देतो उत्तर. आई म्हणाली, तुझ्या खेळातपण छाट असते तर.

मी हे लेखात लिहिलं नव्हतं, कारण लेख माझ्या गुडघ्यावर नव्हता. पण दिल्लीच्या 1982 च्या आशियाई स्पर्धांवर एक परिच्छेद होता, तो आपण वाचलेला दिसत नाही. पुन्हा सांगते. त्या स्पर्धांसाठी स्टेडियम, उड्डाणपूल, खेळगाव बांधायला बाहेरून मजूर आणले होते. किमान मजुरी दिवसाला 9 रुपये 25 पैसे. ठेकेदार पैसे जमादाराच्या हाती द्यायचे, जमादार माणशी एक रुपया कापून घ्यायचा, मजुराच्या हातात सव्वाआठ. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने न्यायमूर्ती भगवतींना एक पत्र लिहिलं. त्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानलं आणि सप्टेंबर 1982 मध्ये, स्पर्धा तोंडावर आल्या असताना, निकाल दिला की किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे घटनेच्या 23 व्या कलमाने बंदी घातलेली वेठबिगारीच. आज देशात कुठल्याही मजुराच्या वकिलाला हा निकाल पाठ असतो. तो स्पर्धांना शिव्या घालणाऱ्या ‘रिकामटेकड्या’ माणसांमुळे मिळाला. स्पर्धा झाल्याच, पदकंही आली. रुपया तेवढा पकडला गेला.

हा रुपया मला दिसतो, आपल्याला दिसत नाही. का दिसत नाही ते मी सांगत बसत नाही, आपलं घर कसं होतं मला माहीत नाही. मीही आपल्यासारखं न ओळखता बोलायला नको.

2010 ला पुन्हा दिल्लीच, या वेळी राष्ट्रकुल स्पर्धा. उद्घाटनाला दोन आठवडेसुद्धा राहिले नव्हते आणि जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, मजूर जखमी झाले. अनुसूचित जातींच्या विकासासाठी ठेवलेला शेकडो कोटींचा निधी स्पर्धांच्या कामांकडे वळवल्याचं हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क या संस्थेने माहितीच्या अधिकारातून बाहेर काढलं. झोपड्या हटवल्या त्या वेगळ्याच. यातला कुठला माणूस खेळाचा शत्रू होता? कागद मागणारा माणूस खेळाचा शत्रू असेल, तर मग मी आहे बुवा. 45 वर सही आणि हातात 30 असं झालेल्या दिवसापासून आहे.

राहिलेले मुद्दे. हे पटकन.

लॉस एंजेलिस 1984. नफा झाला, खरंय. पण का? 1978 मध्ये तिथल्याच मतदारांनी शहराच्या तिजोरीतून ऑलिंपिकवर पैसा खर्च करायला कायद्याने बंदी घातली होती. दुसरा कुणी गंभीर उमेदवार नव्हता म्हणून ऑलिंपिक समितीला ते ऐकावं लागलं. मुख्य स्टेडियम जुनंच वापरलं. म्हणजे आपलं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. पाठवल्याबद्दल धन्यवाद.

दिल्ली मेट्रो पहिल्यांदा धावली डिसेंबर 2002 ला. राष्ट्रकुल दिल्लीला मिळालं नोव्हेंबर 2003 ला. विमानतळाची मेट्रो तर स्पर्धा संपल्यावर, फेब्रुवारी 2011 मध्ये सुरू झाली. अभ्यास करा म्हणाला होतात ना?

म्युनिकने 2025 मध्ये ऑलिंपिकला हो म्हटलं, बरं. 2013 ला तेच लोक हिवाळी स्पर्धांना नाही म्हणाले होते. दोन्ही वेळा त्यांना विचारलं गेलं. हँबुर्गला विचारलं, कॅलगरीला विचारलं, दोघं नाही म्हणाले. बुडापेस्टमध्ये विचारायला तयार नव्हते, तेव्हा पोरांनी थंडीत रस्त्यावर उभं राहून अडीच लाखांवर सह्या गोळा केल्या, तशी 2017 ला सरकारने उमेदवारीच मागे घेतली. बॉस्टनच्या महापौरांनी 2015 मध्ये तोट्याच्या हमीवर सही करायला नकार दिला, संपलं. आपल्याकडे ती सही कोण करणार, आणि करताना आपल्याला दाखवणार का, एवढंच मी विचारलं होतं. त्या प्रश्नाला आपण हात लावलेला नाही.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 2026 च्या राष्ट्रकुल स्पर्धा जुलै 2023 मध्ये परत केल्या. 260 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज 600-700 कोटींवर गेला म्हणून. तिथे आंदोलनसुद्धा व्हायच्या आत सरकारनेच हात जोडले. मग ग्लासगोने जेमतेम दहा खेळांवर स्पर्धा घ्यायचं ठरवलं, आणि कुस्ती, हॉकी, बॅडमिंटन त्यातून गळले. आपल्या पदकांचे खेळ! याबद्दल आपली देशभक्ती गप्प का, कळलं नाही.

विमानतळ. मी विमानतळावर आजवर एक ओळ लिहिलेली नाही. विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली त्या दिवशी मी गच्चीवर उभी होते इतरांसारखी, गप्प. आपण माझ्याशी भांडताय की दुसऱ्या कुणाशी? गोव्याचं विमान सुरू झालंय, सुट्टी मिळाली की बसणारही आहे. पाणी मात्र अजून चार-पाच दिवसांआडच येतं, तेवढं लक्षात असू द्या.

‘सोलापुरात बसून अहमदाबादची काळजी कशाला?’ मे 1930 मध्ये गांधीजींना गुजरातेत अटक झाली, तेव्हा हेच शहर पेटलं, मार्शल लॉ लागला आणि चौघे फासावर गेले. त्यांना कुणी विचारलं नाही की गुजरातची काळजी कशाला. तुलना मोठी झाली, कळतंय मला. रागात लिहिते आहे. पण स्पर्धेचा पैसा काही फक्त अहमदाबादच्या घरपट्टीतून येत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करते, ती आपण म्हटलेली नाही तरी. 2036 ला खो-खो ऑलिंपिकमध्ये घ्यावा अशी मागणी आपल्याकडून चालू आहे. जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी जिंकला, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात, बूट घालून मुली साखळी पळत होत्या आणि मी घरात टीव्हीसमोर उभी राहून ‘खो दे, खो दे’ ओरडत होते. खो-खो ऑलिंपिकला आला तर मी पहिली रडेन. हे माझ्या लेखाच्या विरुद्ध जातं का? जात असेल. मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

पण माझं ते शाळेमागचं मैदान आज नाही. कुठल्याशा मोठ्या स्पर्धेच्या नावाखाली तिथे पायऱ्या बांधल्या, जाळी लावली, फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं. स्पर्धा दोन दिवस झाली. आता तासाचे पैसे भरा आणि अर्ज करा. पैसे भरून लग्नं होतात तिथे, खुंट मात्र उखडलेत. आमच्या मुली पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर खेळतात, मालकाने बांधकाम काढेपर्यंत.

दर रविवारी सकाळी साडेसहाला मी तिथे शिट्टी घेऊन असते. घामाचा आपल्याला एवढा सोस आहे तर या. मैदान झाडायला माणूस लागतो, काचा निघतात. मुली तुम्हाला काका म्हणतील, मी फक्त नाव विचारीन. ‘अस्सल’ चालणार नाही, आईवडिलांनी ठेवलेलं सांगा.