जुनी बाग नामशेष कशी करावी

आपल्या गावात शोभेची एखादी जुनी बाग अजून तग धरून असेल आणि तिचे काय करावे हे उमगत नसेल, तर वाचकहो, आधी खुलताबादला जाऊन यावे. रौजा हे जुने नाव असलेल्या या गावात मोगल काळातील दोन नामांकित बागा होत्या: औरंगजेबाचा दूधभाऊ खानजहान याचा लाल बाग आणि औरंगजेबाच्या एका सुनेचे थडगे मधोमध असलेला बनी बेगमचा बाग. ती नेमक्या कोणत्या शहजाद्याची बेगम, हे जुने वर्णनकारही सांगत बसत नाहीत. विस्मरणाची सुरुवात अशी वरूनच व्हावी लागते.

भिंतींना हात लावू नये, हा पहिला नियम. भिंत पाडली की बातमी होते, झाड तोडले की पर्यावरणप्रेमी गोळा होतात. चारबाग धाटणीच्या मोगल बागेचा जीव मात्र जमिनीखाली असतो. एकमेकांना छेदणारे पाट, चार चौक आणि मधला हौद हे वरचे रूप झाले. पंप नसतानाही कारंजी उडत, कारण पाणी उंचावरून बंद नळातून उताराने येई आणि त्या उंचीचाच दाब कारंज्याच्या तोंडाशी मिळे. 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणाऱ्या निजामशाहीतील मलिक अंबरने त्या शहराला नहरीचे, म्हणजे जमिनीखालच्या जलवाहिनीचे, पाणी दिले, तेही याच उताराच्या बळावर. म्हणून पाया खणताना किंवा रस्ता रुंद करताना एखादा खापरी नळ फुटला, तर तो मातीने बुजवून टाकावा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी कोणी मोर्चा काढत नाही. पुढचे काम आपला नेहमीचा दुष्काळ करील, आणि कागदोपत्री कारण अवर्षण असेच लागेल.

कोणी इतिहासप्रेमाची शंका घेतलीच, तर त्याच गावातील औरंगजेबाच्या कबरीचा विषय काढावा. 1707 पासून ती तिथेच आहे. तिच्यावरून वाद पेटला की राज्यभरातून कॅमेरे येतात, आणि त्यांतला एकही चुकून बागेकडे वळत नाही.

इतका काळ वाट पाहण्याचा धीर नसेल, तर पैठणचा धडा गिरवावा. म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर सुमारे 300 एकरांत उभारलेले संत ज्ञानेश्वर उद्यान जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी आहे, म्हणजे पाण्याच्या नावाने रडण्याची सोयच नव्हती. तरीही हिरवळ करपली, रंगीत कारंजी थांबली आणि शाळेच्या सहलींनी दुसरी ठिकाणे शोधली. मोगलांच्या बागांना शतके लागली, ते काम येथे एका पिढीच्या डोळ्यांदेखत झाले. धरणाचा जलाशय नाथसागर शेजारी असताना हे साधणे सोपे नव्हे. त्यासाठी देखभालीची तरतूद टाळून नूतनीकरणाच्या घोषणेची वाट पाहण्याचे कसब लागते.

एका चुकीपासून मात्र सावध राहावे. छत्रपती संभाजीनगरातील हिमायत बाग कोणीतरी कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे सोपवली, आणि तिथे आंब्याची झाडे अजून उभी आहेत. बाग एकदा अशी उपयोगी ठरली की तिच्या मुळाशी पाणी घालणारा पगारी माणूस नेमावा लागतो. आपल्या गावावर असा प्रसंग आलाच, तर ते पद रिक्त ठेवावे. त्यासाठी वेगळ्या ठरावाचीही गरज पडत नाही.