धागा सुटला, सोडला की सोडून दिला?

‘रहस्यमालिकेने सगळी उत्तरं दिली नाहीत, तर खुशाल समजा, लेखकालाच शेवट ठाऊक नव्हता.’ एखादी मालिका संपली की दुसऱ्या दिवशी हे वाक्य फिरायला लागतं. वाचून वैताग जरा हलका होतो, हे खरं. पण यात तीन दावे कोंबलेत: उत्तर नव्हतंच, ते मिळालं असतं तर प्रेक्षक खूश झाला असता, आणि ते न देणं हा निव्वळ आळस. तिन्ही लंगडे आहेत.

उत्तर दिलं नाही, म्हणजे ते नव्हतंच? ‘ट्विन पीक्स’ या अमेरिकी मालिकेत लॉरा पामरचा खून कोणी केला, हे तिचे कर्ते डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांना ठाऊक होतं. लिंचना ते इतक्यात सांगायचंच नव्हतं. एबीसी वाहिनीने तगादा लावला, नोव्हेंबर १९९० मध्ये खुनी उघड झाला आणि १९९१ मध्ये मालिका बंद पडली. सगळं खापर त्या उत्तरावर फोडणार नाही. प्रेक्षक आधीपासूनच गळत होते आणि शनिवारची वेळही वाईट होती. पण खुनी कळल्यावर पुढचे कित्येक भाग कसे चाचपडतात, ते एकदा बघाच.

बरं, उत्तर मिळालं की प्रेक्षक खूश होतो का? ‘लॉस्ट’ म्हणजे विमान कोसळून बेटावर अडकलेल्या माणसांची मालिका. तिच्या २०१० मधल्या शेवटच्या भागात नायक जॅकचे वडील त्याला स्वच्छ सांगतात, की बेटावर जे घडलं ते खरंच घडलं. तरी ‘ते सगळे पहिल्यापासून मेलेलेच होते’ हे पालुपद अजून चालू आहे. त्याला निमित्त झालं वाहिनीने श्रेयनामावलीबरोबर दाखवलेल्या विमानाच्या अवशेषांचं. म्हणजे उत्तर कानात सांगितलेलं, आणि लोकांनी धरलं ते चित्र.

राहिला आळसाचा आरोप. तो कधीकधी रास्त असतो. ‘द किलिंग’ने २०११ मध्ये ‘रोझी लार्सनला कोणी मारलं?’ हाच प्रश्न जाहिरातीत मिरवला आणि पहिलं पर्व उत्तर न देताच संपवलं. लोक चिडले, बरोबरच चिडले. वचन देऊन ते मोडलं होतं. ‘लॉस्ट’मधल्या वॉल्ट या मुलाचा धागाही अर्धवट सुटला, पण त्याचं दुखणं वेगळं: कथेत जेमतेम काही महिने सरले आणि तोवर तो बालकलाकार उंच होऊन बसला. यात ना फसवणूक, ना आळस. पोरगं वाढलं, एवढंच.

आणि काही धागे मुद्दाम सोडलेले असतात. ‘द लेफ्टओव्हर्स’मध्ये जगातली दोन टक्के माणसं एका क्षणात नाहीशी होतात. का, ते शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, आणि मालिकेने तसं वचनही कधी दिलं नव्हतं. तिच्या २०१७ मधल्या शेवटच्या भागात, आपली मुलं अशीच गमावलेली नोरा त्या माणसांच्या मागे जायला एका यंत्रात शिरते. द्रव हनुवटीपर्यंत चढतो, ती तोंड उघडते, काहीतरी ओरडणार, आणि दृश्य तुटतं. ओरडली असती तर यंत्र थांबलं असतं. पुढे दिसते ती म्हातारी नोरा. टेबलापाशी बसून ती आपल्या जुन्या जोडीदाराला, केविनला, सांगते, की आपण तिथे जाऊन, आपली मुलं पाहून परत आलो. ‘तिथे’ म्हणजे कुठे, ते कॅमेरा दाखवत नाही. तो त्या दोघांपाशीच राहतो.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तिचं म्हणणं पटलं होतं. दुसऱ्यांदा अजिबात नाही. केविन मात्र पहिल्याच फटक्यात म्हणतो, माझा विश्वास आहे.