नळीत टोकदार गोळ्या भरू नका, कोणी काहीही म्हणो

परवा रात्री भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गजवळ राहतो. गेल्या महिन्यात त्याने जुनी विंचेस्टर 94 रायफल घेतली, .30-30 या काडतुसाची. म्हणाला, "मामा, मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आलाय. त्यात म्हणतात की टोकदार गोळ्या भरल्या तरी चालतात. ऑफिसातल्या एकाने मला तसल्या काडतुसांची पेटीही दिलीय."

तो मेसेज मला आतापर्यंत चौघांनी पाठवला आहे. 'जुनी लिव्हर-ॲक्शन घेताय? हे वाचा' असा मथळा (लिव्हर-ॲक्शन म्हणजे चापाजवळचा दांडा ओढून पुढचं काडतूस चढवायची रायफल) आणि खाली पाच मुद्दे. चौघांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो.

मेसेजमधला पहिलाच मुद्दा सगळ्यात घातक आहे: टोकदार गोळी लांब आणि सरळ जाते, तेव्हा बिनधास्त भरा, कंपन्या उगाच घाबरवतात.

विंचेस्टर 94 किंवा तशाच मार्लिन 336 मध्ये काडतुसं कुठे असतात ते आधी बघा. गोळी जिच्यातून सुटते त्या नळीच्या खाली दुसरी बारीक नळी असते, तीच मॅगझिन; तीत सहा-सात काडतुसं एकामागे एक बसतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं असतं आणि बुडाच्या मधोमध प्रायमर असतो, म्हणजे ठोका बसला की पेटून दारू पेटवणारी छोटी टोपी. पुढून स्प्रिंग सगळ्यांना दाबून धरते. बार उडाला की रायफल झटक्याने मागे येते, काडतुसं क्षणभर जागच्या जागी राहतात आणि मग एकमेकांवर आपटतात. गोळीचं नाक सपाट असेल तर तो धक्का बुडावर पसरतो. टोक असेल तर सगळा जोर प्रायमरवर येतो.

भाच्याला मी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. एक झाडलेलं रिकामं काडतूस घेतलं, त्याच्या प्रायमरवर फायरिंग पिनने (ठोका देणाऱ्या खिळ्याने) पाडलेला खळगा होता. एका सुट्या टोकदार गोळीचं टोक त्या खळग्यात ठेवलं. नेमकं बसलं. तो गप्प झाला. एक प्रायमर पेटला तर शेजारचे पेटायला वेळ लागत नाही, आणि नेम धरताना डाव्या हाताचा पंजा त्याच नळीखाली असतो. 94 चं मॅन्युअल काढून बघा: नळीच्या मॅगझिनमध्ये टोकदार गोळ्या घालू नका, असा स्पष्ट इशारा आहे. रायफल बनवणाऱ्यापेक्षा फॉरवर्ड करणाऱ्याला जास्त कळतं का?

यात अर्धं सत्य आहे, तेही सांगतो. सॅव्हेज 99 मध्ये फिरती मॅगझिन आहे, विंचेस्टर 1895 मध्ये पेटीसारखी. दोन्ही लिव्हर-ॲक्शनच, पण त्यांत एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाला टेकत नाही, म्हणून दोन्हींत टोकदार गोळ्या चालतात. हॉर्नाडीची लेव्हरिव्होल्यूशन काडतुसंही टोकदार दिसतात, पण त्यांचं टोक मऊ पॉलिमरचं असतं आणि ती नळीच्या मॅगझिनसाठीच बनवलेली आहेत. मेसेजमधला फोटो त्यांचाच आहे. मऊ टोकाचा फोटो लावून कडक टोकाच्या गोळ्या भरायला सांगायचं, याला माझ्याकडे शब्द नाही.

दुसरा मुद्दा: घोडा (फायरिंग पिनवर आपटणारा मागचा हातोडा) अर्धा ओढून ठेवला की सेफ्टी लागली, भरलेली रायफल गाडीत ठेवायला हरकत नाही. पेनसिल्व्हेनियात भरलेली रायफल गाडीत ठेवणं बेकायदा आहे, इथेच हा मुद्दा संपतो. जुन्या 94 ला दुसरी सेफ्टी नाही हे खरं. पण अर्ध्या घोड्याची खाच झिजते. शिवाय पूर्ण ओढलेला घोडा अर्ध्यावर आणायचा तर अंगठ्याने धरून, चाप दाबून सावकाश सोडावा लागतो. डिसेंबरच्या थंडीत हातमोज्यातून अंगठा सटकला की बार उडतो. म्हणून नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला.

.30-30 कालबाह्य झाली, हा तिसरा. 1895 पासून हे काडतूस हरणं पाडतंय. 170 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण 2,200 फुटांनी निघते, दोनशे यार्डांपुढे फार खाली येते, मान्य. पण इथल्या दाट रानात तेवढं लांब दिसतं कुठे? मी पाडलेली सगळी हरणं ऐंशी यार्डांच्या आतली.

1964 च्या आधीची रायफल रि-ब्लू करून घ्या, म्हणजे पोलादाचा निळा-काळा रंग नव्याने चढवून घ्या, किंमत वाढते, हा चौथा. उलट घटते. 1964 मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवायला बांधणी बदलली, म्हणून आधीच्यांना भाव आहे, आणि तो मूळ फिनिशला आहे. झिजलेला निळा रंग तसाच राहू द्या, तेलाचा बोळा फिरवा, बास.

शेवटचा, एच-वनवाल्यांनाही (नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असलेल्यांना) रायफल ठेवता येते. हे खरं आहे, पण अर्धवट सांगितलंय. संघराज्याच्या कायद्यात एच-वनवाल्यांना बंदी आहे. शिकारीचं चालू लायसन्स असलं की सूट मिळते, लायसन्सची मुदत संपली की तीही संपते. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स 30 जूनला संपतं. भाचा एच-वनवर आहे. त्याला ही तारीख माहीतच नव्हती, आणि मेसेजमध्ये तिचा पत्ताही नाही.

ती पेटी त्याने दुसऱ्याच दिवशी परत केली. देणाऱ्याने ती काडतुसं घरी भरलेली होती, स्वतःच्या सिंगल-शॉट रायफलसाठी. तिला मॅगझिनच नाही, त्यामुळे त्याचं काही बिघडत नव्हतं. आता भाच्याने सपाट नाकाची 170 ग्रेनची दोन पाकिटं आणलीत. शनिवारी रेंजवर जातोय, मीही येणार आहे.