चौदा ब्रास चाळीस

गावाकडच्या घराच्या मागील अंगणात शहाबादी फरशी घालायचे ठरले, तेव्हा फरशीच्या दुकानदाराने फोनवर एवढेच सांगितले, "फक्त चार बाजू कळवा, ब्रास मी काढतो." हे काम दहा मिनिटांचे आहे अशा समजुतीने मी पाच मीटरची टेप घेऊन अंगणात उतरलो. घरालगतची बाजू 56 फूट भरली, गोठ्याकडची 30, मागच्या कुंपणाची 40 आणि ओढ्याच्या अंगाने तिरकी गेलेली 34. टेप दर बाजूला दोन-चार वेळा पुढे सरकवावी लागे आणि हातून सुटली की तिचे पाते सपकन माघारी येई. 34 या आकड्यामागे माझ्या अंगठ्याचे रक्त आहे.

काकांनी उभ्याउभ्याच हिशेब केला. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी 32 आणि 48, गुणाकार 1536 चौरस फूट, म्हणजे 15 ब्रास 36. मला मात्र ओसरीवरची सांधे ढिले झालेली बाज आठवली. तिच्यावर कोणी बसले की ती एका अंगाला कलते. चारही लाकडे होती तेवढ्याच लांबीची राहतात आणि मधली जागा तेवढी आकसते. भास्कराचार्यांनी 1150 मधील 'लीलावती'त, चौकोनाची ही चंचल वृत्ती न ओळखता त्याचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला पिशाच म्हटले आहे आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे पिशाच. हे मी काकांना सांगितले नाही, कारण त्या हिशेबाने दुकानदार थोडक्यात सुटत होता.

तेव्हा कर्ण मोजणे आले. कर्णाने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि तिन्ही बाजू ठरल्या की त्रिकोण बाजेसारखा कलू शकत नाही, हे सारे मला पाठ होते. परंतु आमच्या अंगणाचा कर्ण नेमका तुळशीवृंदावनातून जात होता. टेप वृंदावनावरून नेण्यास आईने मनाई केली, बाजूने वळवून नेली तर ती 52 फूट दाखवू लागली, आणि काका कुंपणाजवळून "ताण, ताण" असे ओरडत राहिले.

इतका वेळ तंबाखू मळत बसलेला गवंडी अखेर उठला. त्याने गोठ्याकडच्या दोन्ही कोपऱ्यांत गुण्या लावून पाहिला आणि दोन्ही काटकोनात असल्याचे जाहीर केले. मग घरालगतच्या बाजूवर त्या अंगाने 40 फूट मोजून तेथून थेट मागच्या कोपऱ्यापर्यंत त्याने चुन्याची रेघ मारली. अलीकडे 40 बाय 30 चा आयत, त्याचे 1200. पलीकडे ओढ्याकडचा त्रिकोण, पाया 16 आणि उंची 30, त्याचे 240. एकूण 1440. कर्णाचे नावही त्याने काढले नाही. काकांच्या हिशेबातले जादा 96 चौरस फूट, म्हणजे 8 बाय 12 ची एक अख्खी खोली, ओढ्याने खाल्ली असे काकांचे आजही ठाम मत आहे.

दुकानदाराला 14 ब्रास 40 असे कळवण्यासाठी मी फोन हातात घेतला, तोच आईने आतून विचारले, "वृंदावनाखालची जागा वजा केलीस का रे?"

मी वळून पाहिले. वृंदावनाचा चौथरा अष्टकोनी आहे.